स्तनाचा कॅन्सर घराण्यात आहे का? खान्देशातल्या घरांसाठी जनुकीय चाचणीची वाट

ताईला छातीत गाठ लागली तेव्हा ती ३७ वर्षांची होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आईला होता का? मावशीला?" नव्हता. आई ठणठणीत आणि दोन्ही मावश्या नातवंडं सांभाळत होत्या. डॉक्टरांनी केसपेपरवर "घरात इतिहास नाही" असं लिहिलं आणि आम्हालाही तेवढंच बरं वाटलं.

आप्पांच्या बाजूचं कुणी विचारलं नाही. त्यांची बहीण, आमची फुई (आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात), ४६ व्या वर्षी "पोटात पाणी होऊन" गेली होती. त्यांची आई त्याच्याही आधी "छातीला जखम होऊन" गेली होती. दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत होत्या, पण ताईच्या गाठीशेजारी त्या कुणी मांडून पाहिल्या नव्हत्या.

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर धुळ्याचं. गेल्या सात वर्षांत बहिणीसाठी आणि नंतर स्वतःसाठी जे शिकावं लागलं, ते नव्यानं या वाटेला लागलेल्या बायकांसाठी क्रमानं लिहितेय. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचे. पण त्यांच्यासमोर बसण्याआधीचं बरंचसं काम घरातच करायचं असतं आणि ते आपल्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

आधी एवढं समजून घ्या

स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण ५ ते १० जणींमध्येच त्याचं मूळ जन्मापासून अंगात असलेल्या एखाद्या जनुकातल्या दोषात असतं. बाकीच्या ९० जणींच्या मुलीबाळींना या चाचणीची गरज सहसा पडत नाही. घरात एका आजीला ७० व्या वर्षी कॅन्सर झाला, म्हणून सगळ्या लेकी-सुनांनी घाबरून रक्त द्यायला धावायचं कारण नाही. सुनांचा तर प्रश्नच नाही. त्यांचं रक्त त्यांच्या माहेरचं.

ज्या जनुकांचं नाव सगळ्यात जास्त कानावर येतं ती दोन: बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. डॉक्टर बोलताना "ब्रॅका" म्हणतात. पहिलं सतराव्या गुणसूत्रावर, दुसरं तेराव्यावर. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये पहिल्याचा पत्ता सतराव्या गुणसूत्रावर दाखवून दिला. प्रत्यक्ष जनुक १९९४ मध्ये आणि दुसरं १९९५ मध्ये हाती लागलं. "तुम्हाला ब्रॅका आहे का?" असं लोक विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगते की तो सगळ्यांनाच असतो, बाईलाही आणि पुरुषालाही. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोष असतो तो त्यातल्या एकीत.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागाईतदाराला हे लगेच कळेल. विहिरीवर दोन मोटारी बसवल्यात, एक जन्मापासून जळालेली. दुसरी चालू आहे तोवर बागेला पाणी मिळतं आणि कुणाला काही कळतही नाही. पण एखाद्या पेशीत ती दुसरीही बंद पडली, की त्या पेशीतली दुरुस्तीच थांबते. मग चुका साठत जातात आणि त्यातून कॅन्सर उभा राहू शकतो. दोष घेऊन जन्मलेल्या प्रत्येक बाईला कॅन्सर होतोच असं नाही, आणि झाला तरी तो चाळिशीत होईल की सत्तरीत हे सांगता येत नाही, त्याचं कारण हेच.

आकडे सांगते. भारतात साधारण २८-३० बायकांमागे एकीला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होतो. बीआरसीए-१ मध्ये घातक बदल असलेल्या शंभर जणींपैकी ८० वर्षांच्या वयापर्यंत सुमारे ७२ जणींना आणि बीआरसीए-२ मध्ये असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६९ जणींना तो होतो, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. बीजांडकोशाच्या (ओव्हरीच्या) कॅन्सरचे आकडे त्याच अभ्यासात अनुक्रमे ४४ आणि १७. हा अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य घराण्यांवरचा आहे, म्हणून आपल्याकडे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. दिशा तीच.

या दोघांशिवायही जनुकं आहेत. पीएएलबी-२ मधला दोष बराच जोखमीचा, ८० वर्षांपर्यंत निम्म्याच्या आसपास. चेक-२ आणि एटीएम यांची जोखीम मध्यम. टीपी-५३ दुर्मीळ, पण असलाच तर फार लहान वयात आणि शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी कॅन्सर होतात, आणि रेडिएशन द्यावं की नाही हा निर्णयही मग वेगळा होतो. याखेरीज शेकडो बारीकसारीक बदल असे सापडलेत की ते एकेकटे जवळजवळ काहीच करत नाहीत, पण सगळ्यांची बेरीज केली तर जोखीम थोडी वर-खाली होते. त्या बेरजेचा "स्कोअर" देणाऱ्या चाचण्या हल्ली मोबाइलवर जाहिरातीत दिसतात. ते स्कोअर प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या बायकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. खान्देशातल्या बाईनं आज त्यावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी पहिली: वही काढा

सगळ्यात महत्त्वाची आणि बिनपैशाची पायरी ही. एक शंभर पानी वही घ्या आणि मधोमध स्वतःला मांडा. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. वर आई-वडील, त्यांची भावंडं, त्यांच्यावर दोन्हीकडचे आजी-आजोबा, बाजूला चुलत, मामे, आते, मावस भावंडं. तीन पिढ्या पुऱ्या. कॅन्सर झालेल्याचा गोल किंवा चौकोन भरून टाका. गेलेल्यावर तिरकी रेघ मारा.

घराण्याची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत मिळेल, असं आप्पा म्हणाले होते. पण अशा नोंदी मुख्यतः पुरुषांच्या. इथे आपल्याला बायका हव्यात, आणि त्या फक्त आठवणीत सापडतात.

आपल्याकडे त्यासाठी दोन दिवस जणू मुद्दाम ठेवलेले आहेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात. झोके, गौराईची गाणी, पत्त्यांचे डाव सगळं चालू असतं. तेव्हा फुई, मावश्या, चुलत बहिणी एका छताखाली असतात. आणि श्रावणात कानबाईच्या रोटाला सगळी भाऊबंदकी एकत्र येते, मुंबई-सुरतला गेलेलेसुद्धा. आईकडचं विचारायला आखाजीत माहेरी गेलेल्या आईसोबत जा, वडिलांकडचं विचारायला कानबाईला चुलत-चुलत्यांत बसा. दोन्ही बाजू विचारायच्याच. दोष आईकडून येण्याची शक्यता जेवढी, तेवढीच वडिलांकडून. वडिलांना स्वतःला काही झालेलं नसलं तरी ते तो लेकीला देऊ शकतात. आमच्या घरात नेमकं तेच झालं होतं.

विचारताना "कॅन्सर" हा शब्द उच्चारला की म्हाताऱ्या बायका गप्प होतात. मी आप्पांच्या चुलत बहिणीजवळ बसले, शेंगा सोलत होतो. सरळ अहिराणीत विचारलं, "जिजी, आजीले काय व्हयनं व्हतं?" त्या बराच वेळ शेंगाच सोलत राहिल्या. मग स्वतःच्या डाव्या छातीवर तळहात ठेवून म्हणाल्या, "आठे. गाठ व्हती. कोनले दखाडी नही तिनी. लुगडं वलं व्हये तव्हय समजनं." त्या वेळी आजीचं वय काय होतं? "तुना बाप साळामा जाये." म्हणजे चाळिशीच्या आत. अशा खुणांवरून वय काढावं लागतं: कुणाचं लग्न झालं होतं, कोण पोटात होतं, कोणता दुष्काळ होता.

प्रत्येक आजारी माणसाबद्दल चार गोष्टी लिहा. कॅन्सर पहिल्यांदा कुठे झाला. तो कळला तेव्हाचं वय (वारल्याचं वय वेगळं, दोन्हींची गल्लत होते). स्तनाचा असेल तर एका बाजूला की दोन्हींना. आणि कागद उरलेत का. "पोटात गोळा", "पोटात पाणी झालं" असं पन्नाशीच्या आसपासच्या बाईबद्दल ऐकलं तर बीजांडकोशाच्या कॅन्सरची शंका म्हणून तसंच लिहून ठेवा. ठरवायचं काम डॉक्टरांचं. पुरुषांचंही विचारा: पुरुषाच्या छातीतली गाठ, प्रोस्टेटचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर हे याच साखळीतले.

कागद हमखास निघतात. फुईची फाइल तिच्या सुनेनं गोदरेजच्या कपाटाखाली, साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवली होती. एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटलेल्या, पावत्यांवरची शाई उडालेली. पण बायोप्सीचा एक पिवळा पडलेला कागद वाचता येत होता आणि त्यावर बीजांडकोशाचं नाव स्पष्ट होतं. त्याचा फोटो काढला. त्या एका कागदानं पुढची सगळी दिशा बदलली.

ज्या घरात सगळे मुलगेच आहेत, किंवा बायका बाळंतपणात, तापात लवकर गेल्या, तिथे वही कोरी दिसेल. कोरी वही म्हणजे निर्धास्त वही असं समजू नका आणि जनुकीय समुपदेशकालाही (चाचणी कुणाची करायची आणि तिचा अर्थ काय हे समजावून सांगणारा तज्ज्ञ) ते सांगा.

पायरी दुसरी: चाचणीची गरज आहे का ते पाहा

वहीत यातलं काही असेल तर पुढे जा: पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, कोणत्याही वयात "ट्रिपल निगेटिव्ह" प्रकारचा (बायोप्सीच्या रिपोर्टवर ईआर, पीआर, हर-टू या तिन्हींपुढे निगेटिव्ह लिहिलेलं असतं), दोन्ही स्तनांत, बीजांडकोशाचा कॅन्सर, वय कितीही असो, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, एकाच बाजूच्या नात्यात दोन-तीन जणांना. ताईचा ट्रिपल निगेटिव्ह होता आणि वय ३७. केवळ या दोन गोष्टींवर तिची चाचणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती.

पायरी तिसरी: सुरुवात आजारी बाईपासून

इथे आमचं चुकलं, म्हणून इथे थांबून वाचा.

ताईचे केमो सुरू होते, तिला आणखी त्रास नको म्हणून सगळ्यांनी ठरवलं की मी रक्त द्यायचं. एका खासगी लॅबचा माणूस घरी येऊन नमुना घेऊन गेला. रिपोर्ट आला: "निगेटिव्ह". घरात पेढे वाटले. दीड वर्ष मी निर्धास्त होते, साधी सोनोग्राफीही केली नाही. नंतर मुंबईत समुपदेशक बाईंनी तो कागद हातात घेतला, खालची बारीक अक्षरं बोट फिरवत वाचली आणि मला दाखवली. त्या चाचणीत दोन्ही जनुकांमधले फक्त मोजके ठराविक बदल तपासले होते. पुस्तकातली चार पानं चाळून "छपाईची चूक नाही" म्हणावं, तसलं ते निगेटिव्ह.

मग ताईची पूर्ण चाचणी झाली. बीआरसीए-१ मध्ये घातक बदल सापडला. त्यानंतर माझ्या रक्तात नेमका तोच बदल शोधला, आणि तो होता.

म्हणून नियम असा: ज्या व्यक्तीला कॅन्सर झालाय आणि जी हयात आहे, तिची पूर्ण चाचणी आधी. तिच्यात काय आहे ते कळलं, की बाकीच्यांत फक्त तेवढंच शोधायचं; ते स्वस्तही पडतं आणि उत्तरही हो किंवा नाही असं सरळ येतं. निरोग्याची आधी केली आणि काही सापडलं नाही, तर घरात दोष नाहीच की तो तिच्यात उतरला नाही, हे कळायला मार्ग नसतो. आजारी व्यक्ती हयात नसेल तर निरोग्यापासून सुरू करता येतं, पण ते समुपदेशकाला विचारून आणि पूर्ण चाचणी करून.

शिवाय आजारी बाईचा स्वतःचा फायदा आहे. तिच्यात दोष सापडला तर शस्त्रक्रिया कोणती करायची ते बदलू शकतं, आणि ओलापॅरिबसारखं औषध, जे दुरुस्ती बंद पडलेल्या पेशींवरच नेमकं काम करतं, ते तिला लागू पडेल का हे डॉक्टर पाहू शकतात. "तिला आता कशाला त्रास" असं म्हणून आम्ही तिचीच वाट अडवली होती.

पायरी चौथी: कुठे जायचं

छातीची तपासणी, मॅमोग्राफी, बायोप्सी यांसाठी आधी जवळच विचारा; जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जनुकीय समुपदेशनासाठी मात्र बहुतेकांना मुंबई गाठावी लागते. परळचं टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं अ‍ॅक्ट्रेक इथे कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं. वेळ आधी घेऊनच निघा. भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडून रेल्वेनं जाणाऱ्यांना परळसाठी दादर सोयीचं. खारघरसाठी ठाण्याला उतरून पनवेलची लोकल पकडा. नंदुरबार, नवापूरच्या लोकांना सुरत जवळ पडतं, तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे ही सोय कुठे आहे ते विचारा. काही लॅब व्हिडिओ कॉलवर समुपदेशन देतात. पहिल्या भेटीला तेही चालतं, पण वही आणि कागदांचे फोटो आधी पाठवा.

उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचारांसाठी आहे. चाचणीचा खर्च त्यात बसतो का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, गृहीत धरू नका.

पायरी पाचवी: लॅबला हे विचारा

चाचणीचा दर लॅबप्रमाणे आणि जनुकांच्या संख्येप्रमाणे बदलतो. दर विचारण्याआधी हे विचारा, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. दोन्ही जनुकं पूर्ण वाचणार की ठराविक बदलच? जनुकाचा मोठा तुकडा गळालेला किंवा दोनदा आलेला असेल तर तेही पकडणार का? (त्यासाठी काही वेळा एमएलपीए नावाची वेगळी चाचणी लागते.) रिपोर्ट समजावून सांगायला समुपदेशक मिळेल का? दोष सापडला तर नातेवाइकांची चाचणी किती रुपयांत? आणि पुढे एखाद्या बदलाचा अर्थ बदलला तर कळवणार का?

रक्त देण्याचं काम सोपं. उपाशीपोटी जावं लागत नाही, एक छोटी नळी रक्त किंवा थुंकीचा नमुना पुरतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा कधी बोन मॅरो बदललं असेल तर सांगा, नमुना कसला घ्यायचा ते त्यावरून ठरतं. रिपोर्टला साधारण तीन-चार आठवडे लागतात. त्या आठवड्यांत इंटरनेटवर वाचत बसू नका. मी बसले होते, रात्रीच्या रात्री, आणि त्यातलं काहीही पुढे उपयोगी पडलं नाही.

पायरी सहावी: रिपोर्ट वाचणं

रिपोर्टवर "व्हेरियंट" शब्द दिसला की काळजात धस्स होतं. व्हेरियंट म्हणजे नुसता फरक. आपल्या प्रत्येकाच्या अंगात असे लाखो फरक असतात. वरण सगळ्या घरी होतं, पण फोडणी घराघराची वेगळी. खरा प्रश्न असतो तो फरक कोणत्या खान्यात टाकलाय. खाने पाच आहेत: घातक, बहुधा घातक, अर्थ न ठरलेला, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. पहिले दोन सापडले तर पुढची पावलं उचलायची. शेवटचे दोन बहुतेक लॅब छापतही नाहीत.

मधला खाना सगळ्यात जास्त छळतो. रिपोर्टवर "व्हीयूएस" अशी तीन अक्षरं असतात. अर्थ एवढाच की हा फरक दिसला, पण तो काही बिघडवतो की नाही हे सांगायला पुरेशी माहिती जगात अजून जमलेली नाही. भारतीय लोकांच्या जनुकांचा अभ्यास कमी झालाय, त्यामुळे आपल्याकडच्या रिपोर्टांत तो जास्त वेळा येतो. पुढे माहिती वाढली की यातले बहुतेक निरुपद्रवी खान्यात सरकतात. म्हणून व्हीयूएसच्या आधारावर स्तन किंवा बीजांडकोश काढू नका आणि त्या फरकासाठी बहिणीच्या मागे लागून तिची चाचणी करवू नका. तोवरची तपासणी वहीत जे आहे त्यावरून ठरते. लॅबला वर्षा-दोन वर्षांनी एक मेल पाठवून अर्थ बदलला का ते विचारा. ताईच्या रिपोर्टात घातक बदलाच्या खाली एटीएम जनुकातला असा एक व्हीयूएसही होता. तीन वर्षांनी लॅबचं पत्र आलं, तो निरुपद्रवी ठरला होता.

"निगेटिव्ह"चेही अर्थ वेगवेगळे. घरात सापडलेला बदल तुमच्यात नाही, तर ते खरं निगेटिव्ह. तुमची जोखीम साधारण बाईएवढी (म्हणजे शून्य नव्हे). घरात कुणातच काही सापडलं नाही पण वहीत गोल भरलेले आहेत, तर ते अर्धवट उत्तर. सध्याच्या चाचणीला न दिसणारं काही असू शकतं, आणि तपासण्या वहीच्या हिशेबानं चालू ठेवायच्या.

पायरी सातवी: दोष सापडला तर

पहिले काही दिवस काहीही ठरवू नका. हे निदान रोगाचं नसून शक्यतेचं असतं आणि विचार करायला वेळ असतो.

जगभर साधारण पाळली जाणारी पद्धत अशी: बीआरसीएचा दोष असलेल्या बाईनं २५ व्या वर्षापासून दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यायची आणि वर्षातून एकदा स्तनाचा एमआरआय करायचा, तिशीनंतर एमआरआय आणि मॅमोग्राफी दोन्ही वर्षाला. तरुण वयात स्तनाचा पोत दाट असतो, मॅमोग्राफीत गाठ लपते, म्हणून एमआरआय. पाळी सुरू असेल तर तो पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसांत करावा, चित्र स्पष्ट येतं. हे मला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्हींत सहा महिन्यांचं अंतर ठेवते: एक दिवाळीच्या सुट्टीत, एक उन्हाळ्याच्या.

बीजांडकोशाचं दुखणं असं की सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्तचाचणीनं तो कॅन्सर लवकर पकडण्याची खात्री नाही. म्हणून मुलंबाळं झाल्यावर बीजांडकोश आणि नळ्या काढून टाकण्याचा सल्ला देतात: बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० दरम्यान, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ दरम्यान. मी ३९ व्या वर्षी करून घेतलं. फुईचा कागद डोळ्यांसमोर होता, त्यामुळे मन घट्ट करावं लागलं नाही. पण पाळी एका दिवसात बंद होते. अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडांची काळजी घ्यावी लागते. हे ऑपरेशनच्या आधी नवऱ्यासमोर बसून डॉक्टरांकडून ऐका, म्हणजे नंतर घरात "हिला काय झालंय" असं होत नाही.

दोन्ही स्तन आधीच काढले तर स्तनाच्या कॅन्सरची जोखीम ९० टक्क्यांच्या आसपास कमी होते. काही जणी तो मार्ग घेतात, काही एमआरआयवर राहतात. मी दुसरा घेतलाय. ताईनं दुसऱ्या बाजूचाही काढला. दोघींचे निर्णय दोघींना पटलेले आहेत. कुणाचं ऐकून किंवा कुणाच्या भीतीनं यात हात घालू नका.

पायरी आठवी: घरात सांगणं

हिशेब आधी बघू. ज्याच्यात दोष आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. नाणं प्रत्येक वेळी नव्यानं उडतं. पहिलीला मिळाला म्हणून दुसरी सुटली असं होत नाही. आमच्यात तो आप्पांकडून आला हे त्यांच्या चाचणीवरून कळलं, म्हणजे काकाला ५० टक्के, त्याच्या मुलीला २५. काकाची चाचणी केली, त्यांच्यात नव्हता. एका रक्ताच्या नळीत त्यांच्या तीन मुलांचा आणि पाच नातवंडांचा प्रश्न मिटला. म्हणून चाचणी वरच्या पिढीकडून खाली आणायची. बीआरसीएसाठी १८ वर्षांच्या आतल्या मुलींची चाचणी करू नका. त्या वयात करण्यासारखं काही नसतं आणि मोठेपणी निवडायचा हक्क त्यांचा आहे.

आप्पांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते ओट्यावर बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मनामुळेच पोरले व्हयनं." (माझ्यामुळेच पोरीला झालं.) मी त्यांच्याजवळ बसले आणि वही उघडली. तुम्हाला तो तुमच्या आईकडून आला, तिला तिच्या कुणाकडून. कुणी मागून घेतला नाही, कुणी जाणून दिला नाही. पुढे काकाला चाचणीला तयार त्यांनीच केलं.

लोक सोयरिकीला घाबरतात. "पोरीचं लग्न कसं जमेल?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, आपल्याकडे तो खरा आहे. रिपोर्ट गावभर वाटायची गरज नाही. ज्यांच्या रक्तात तो असू शकतो त्यांना समोर बसून सांगा, आणि प्रत्येकाला रिपोर्टच्या ज्या पानावर त्या बदलाचं नेमकं नाव आहे त्या पानाची प्रत द्या. तिच्याशिवाय लॅबला शोधायचं काय ते कळत नाही. लग्न ठरलेल्या मुलीनं जोडीदाराला कधी सांगायचं हे तिनं ठरवावं. एक गोष्ट मात्र नात्यात लग्नं होणाऱ्या घरांनी ध्यानात ठेवावी: नवरा-बायको दोघांतही बीआरसीए-२ चा दोष असेल तर त्यांच्या मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया नावाचा गंभीर आजार होण्याची शक्यता असते. अशा वेळी मूल होण्याआधी समुपदेशकाला भेटा.

चाचणी परवडत नसेल, किंवा तुम्ही धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर असाल

तरी हात बांधलेले नाहीत. मुंबईत १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं छाती तपासली. त्यात कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये त्यानं होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. ना मशीन, ना मॅमोग्राफी. तिशीनंतरच्या तपासणीचा फॉर्म आशाताई भरून घेतात, तेव्हा "काही नाही" असं सांगून तिला वाटेला लावू नका. छाती तपासून घ्या आणि वहीत काय आहे ते तिला सांगा. गाठ, स्तनाग्रातून रक्त, आत ओढली गेलेली कातडी, काखेतली गाठ यातलं काही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका. ताईची गाठ दुखत नव्हती. आजीचीही दुखत नसावी.

आमची वही आता माझ्याकडे असते. गेल्या आखाजीला दादाच्या मुलीनं ती उघडली. दादामध्ये दोष आहे, हे तिला माहीत आहे. तिला सतरावं वर्ष लागलंय. स्वतःचा गोल शोधून तिनं विचारलं, "माझ्यात काय लिहायचं?" मी म्हटलं, अजून काही नाही, अठराची झालीस की तुला वाटेल तेव्हा. तिनं पेन्सिल घेतली आणि आपल्या गोलात छोटं प्रश्नचिन्ह काढलं. मग फुईच्या भरलेल्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "हिचं नाव तर लिहिलंच नाहीये." खरंच, नुसतं "फुई" लिहिलं होतं. नाव आप्पांना विचारून तिनं आपल्या अक्षरात लिहिलं.